खोली नंबर चौदाचा पहिला क्रमांक

(लालबागमधल्या एका शाळेची शिक्षकखोली. शनिवारची दुपार, शाळा नुकतीच सुटलेली.)

शेवंती : टाळ्या? पोरांनी टाळ्या वाजवल्यानी?

सुचित्रा : हो, आजी. अख्ख्या नववी ‘ब’ने. मीच सांगितलं वाजवायला. अहो, तुमच्या नातीने कामच तसं केलंय. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर वाया जाणारं पाणी दोन दिवसांत शून्यावर आणलं. शून्यावर! सोमवारी प्रदर्शनात आरोहीचाच तक्ता दाराशी लावणार आहोत.

शेवंती : आणि ता शून्यावर कसा इला, ता नाय विचारलात?

सुचित्रा : जनजागृती, असं लिहिलंय तिने.

शेवंती : जनजागृती! सांग गो बाईंका, कोण कोण जागा झाला ता.

आरोही : कोणीच नाही, मॅडम.

सुचित्रा : म्हणजे?

आरोही : म्हणजे ॲक्च्युअली... पाणीच नाही ना भरलं कोणी. गुरुवारी पण नाही, शुक्रवारी पण नाही. आजीने हाक मारली नाही, तर सगळे झोपूनच राहिले. पाणी आलं, गेलं. मग वाया काय जाणार?

सुचित्रा : आरोही!

आरोही : फॉर्ममध्ये तसा कॉलम नव्हता, मॅडम. ‘झालेला बदल’ एवढंच होतं. बदल तर झाला ना.

शेवंती : झालो. मोठो बदल झालो. तीन दिस अकरा खोल्यांतली माणसा बिनआंघोळीची फिरतत. हिचो बापूस हितेंद्र, लोअर परळाक एसीच्या हापिसात जाता. काल बाटलीतल्या इकतच्या पाण्यान दाढी केल्यान. वीस रुपयांची दाढी!

आरोही : आणि उरलेलं पाणी पप्पांनी फ्रीजमध्ये ठेवलं. मी प्यायले. साबणाची टेस्ट होती.

सुचित्रा : थांबा, थांबा. मला काहीच कळत नाहीये. आजी, तुम्ही आधी बसा बघू. आणि ही हाक म्हणजे काय?

शेवंती : बसतंय. पण आधी माका सांगा, ह्यो कसलो आवाज येता? पाणी गळताहा खयतरी.

सुचित्रा : काही नाही, तो फिल्टर आहे आमचा. तुम्ही हाकेचं सांगत होता.

शेवंती : मी काय सांगू? हीच सांगात. हिना सगळा मापला आसा.

आरोही : मॅडम, आमच्याकडे म्युनिसिपालिटीचं पाणी पहाटे येतं. पण टाइम फिक्स नाही. कधी सव्वाचार, कधी पाच, कधी तर चारच्या पण आधी. दीड तास राहतं की गेलं. तर आजी नळाची शिट्टी ऐकते.

सुचित्रा : नळाची शिट्टी?

शेवंती : पाणी येवच्या आधी नळात वारो येता. बारीक वाजता. आमची खोली नळाच्या बाजूक, चौदा नंबर. मी लगीन होवन इलंय, तेव्हापासून दाराकडेच निजतंय. शिट्टी झाली की गॅलरीत येवन हाक मारूची, ‘पाणी इलाऽऽ!’ बस्स. अकराच्या अकरा दारा उघडतत.

आरोही : भारी आवाज आहे, मॅडम. पलीकडच्या टॉवरमधून एकदा कम्प्लेंट आली होती.

शेवंती : त्यांका चोवीस तास पाणी. त्यांका काय कळतला.

सुचित्रा : आणि तुम्ही हे किती वर्षं करताय?

शेवंती : हितेंद्र पोटात होतो तेव्हापासून. तो आता शेचाळीसाचो झालो. तुमीच करा हिशोब. पाऊस असो, ताप असो, एकदा ह्यांका केईएमात ठेवलेला, तेव्हा पण दिसभर थय बसान रात्री घरी इलंय. कित्याक? फाटे हाक मारूची होती म्हणान. एक दिस चुकाक नाय. आणि ह्या चेडवान माझा नाव फळ्यावर लावल्यान.

सुचित्रा : कोणत्या फळ्यावर?

शेवंती : जिन्याकडे आसा. थय कोण मेलो तर लिवतत. नायतर सत्यनारायण आसलो तर.

आरोही : मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, जग बदलायचं तर सुरुवात घरापासून करा. ठोस आकडे द्या. भिडस्तपणा सोडा. मी तेच केलं. चिठ्ठीत मला ‘पाणीटंचाई’ आलेलं. तर मी बुधवारी पहाटे उठले—

शेवंती : मी उठवलंय तिका.

आरोही : हो, आजीने उठवलं. आणि नळाजवळ वही घेऊन बसले. आमच्याकडे सगळ्या बायका काय करतात, आदल्या दिवशीचं हांड्यातलं पाणी पहिले ओतून देतात. चांगलं पाणी, मॅडम! प्यायचं! का, तर म्हणे ते शिळं झालं. मग हांडा घासायचा आणि ताजं भरायचं. अख्खा मजला, रोज. मी प्रत्येकीचं मापलं. आणि कागदावर नंबर लावून जिन्यात लावलं. हेडिंग दिलं, ‘पाण्याचा अपव्यय’.

शेवंती : आणि खाली लाल अक्षरात काय लिवलस?

आरोही : ‘प्रथम क्रमांक : श्रीमती शेवंती, खोली नंबर चौदा, पंचेचाळीस लिटर.’

सुचित्रा : अगं, स्वतःच्या आजीचं नाव?

आरोही : दुसऱ्या कोणाचं लावलं असतं तर म्हणाले असते, घरचं झाकते. आणि मी क्रमांक दिले कारण तुम्हीच म्हणालात, आकडेवारी आकर्षक पद्धतीने मांडा.

शेवंती : आकर्षक! ती गंगुबाई चष्मो घरी इसारली. तिका ‘प्रथम क्रमांक’ तेवढा दिसला. सगळ्यांच्या देखत माका म्हणता, ‘शेवंते, पेढे कधी?’ मी इचारतंय, कसले पेढे? मगे कोणीतरी तिका खालचा वाचून दाखवल्यान. तर ती हसाक लागली. मगे सगळीच हसाक लागली. ज्यांका मी शेचाळीस वर्सा उठवलंय ती हसतत, बाई. मी तसाच दार लावून घेतलंय. म्हटला, आता ज्येना त्येना आपापला उठा.

आरोही : संपावर गेली, मॅडम.

शेवंती : होय, गेलंय. गिरणीवाल्याची बायल आसय मी. संप माका नवो नाय.

सुचित्रा : अरे देवा. पण बाकीच्यांनी गजर लावायचा ना मोबाइलवर.

आरोही : लावले ना. शेजारच्या विनीतच्या पप्पांनी पाचचा लावला. पाणी सव्वातीनलाच येऊन गेलं. मग त्यांनी तीनचा लावला. पाणी आलं पाच दहाला. तोपर्यंत ते नळाला टेकून झोपलेले. पाणी गेल्यावर उठले. आता सगळे तळमजल्यावरून बादल्या मागून आणतात. दुसऱ्या माळ्यापर्यंत. आणि जिन्यात माझा कागद आहे. येता-जाता माझ्याकडे बघतात.

सुचित्रा : मग काढून टाकायचा ना तो कागद!

शेवंती : तेच सांगाक इलंय. मी हिका म्हटला, काढ. तर म्हणता, ‘मॅडमनी सांगल्यान, सोमवारपर्यंत पुरावो हलवूचो नाय.’ म्हणान मी तुमच्याकडे इलंय. नाव उतरवा. मगे मी हाक मारतंय. सरळ गोष्ट.

सुचित्रा : आजी, मला खरंच वाईट वाटतंय. माझा हेतू असा नव्हता हो. या मुलांना जगात काय चाललंय ते कळावं, नुसतं पाठ करून पेपरात उतरवू नये, म्हणून हा उपक्रम घेतला. चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाला किंवा गटाला एक जागतिक प्रश्न. आणि त्यावर आपल्या परिसरात एक छोटी कृती.

शेवंती : सगळ्यांचा असाच झाला?

सुचित्रा : ...शंतनूला ‘निर्वासितांचा प्रश्न’ आला होता.

आरोही : त्याने मच्छी मार्केटमधून हाकललेली मांजर आणली, चार पिल्लांसकट. त्यांच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये ठेवली. आता सेक्रेटरी म्हणतात, मांजर राहील नाहीतर मी.

सुचित्रा : आणि ‘जागतिक शांतता’ विनीतच्या गटाकडे होती.

शेवंती : तो विनीत? आमच्या माळ्यावरचो? त्याच्या कपाळाक टाके आसत तो?

सुचित्रा : तोच. गटप्रमुख कोण, यावरून. आजी, खरं सांगते, मुख्याध्यापिकांनी मला कालच बोलावून विचारलं, बाई, हे सगळं पाठ्यपुस्तकाबाहेर कशाला? मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे आरोही आहे. एकच प्रकल्प आहे ज्यात काहीतरी झालंय. शून्य लिटर. सोमवारी हे बघून त्या ठरवणार आहेत, पुढच्या वर्षी हा तास ठेवायचा की नाही.

आरोही : बंद करणार? मॅडम, मग तुम्ही काय शिकवणार?

सुचित्रा : तेच, धड्याखालचे प्रश्न. रिकाम्या जागा भरा.

शेवंती : म्हणजे तुमचा माझ्या शून्यावर अडलेला आसा.

सुचित्रा : असंच काहीसं.

शेवंती : आणि माझा तुमच्या कागदावर. बरा झाला मी इलंय ती. पण बाई, मी मघापासून ऐकतंय, तुमचा ता पाणी थांबूक नाय. वरसून बारीक धार लागलेली आसा. कोणीतरी नळ बंद करा. माझा लक्ष लागत नाय बोलूक.

सुचित्रा : अहो, तो नळ नाही. फिल्टर आहे, आरओचा. त्यात पाणी शुद्ध होतं ना, तर शुद्ध पाणी वरच्या टाकीत जातं आणि उरलेलं त्या नळीतून खाली.

शेवंती : खाली म्हणजे खय?

सुचित्रा : बेसिनमध्ये.

शेवंती : आणि बेसिनातसून?

सुचित्रा : ...गटारात.

शेवंती : किती?

सुचित्रा : तसं फार नाही.

आरोही : एक लिटर शुद्ध झालं की साधारण तीन लिटर खाली जातं, मॅडम. मी वाचलंय. माझ्या प्रोजेक्टच्या पान सातवर आहे. तुम्ही बरोबरची खूण पण केलीय.

शेवंती : एकाक तीन?

सुचित्रा : आरोही, वही ठेव आत.

शेवंती : राहू दे वही. भायर काढ. ह्यो फिल्टर शाळेत कधीपासून आसा?

सुचित्रा : चार वर्षं झाली.

शेवंती : आणि घरी? तुमच्या घरी पण आसा?

सुचित्रा : आहे. शिवाजी पार्कला सगळ्यांकडेच आहे, आजी.

शेवंती : घरात माणसा किती?

सुचित्रा : मी, हे, सासूबाई आणि मुलगा.

शेवंती : चार. म्हणजे दिसाक दहा-बारा लिटर पाणी पोटात जाणार. लिव गो आरोही. बारा गुणिले तीन.

आरोही : छत्तीस, आजी.

शेवंती : छत्तीस. आणि शाळेचा वेगळा. म्हणजे पयलो नंबर कोणाचो गो?

आरोही : मॅडमचा.

सुचित्रा : अगं, छत्तीस म्हणजे पंचेचाळिसापेक्षा कमीच ना! म्हणजे... मी असं नाही म्हणत की...

शेवंती : म्हणा, म्हणा. माका पण असाच वाटला होता त्या दिवशी. पंचेचाळीस आयकल्यावर.

सुचित्रा : नाही आजी, चुकलंच माझं. मी कधी त्या नळीखाली बादलीसुद्धा ठेवली नाही. चार वर्षं मुलांना सांगतेय थेंब थेंब वाचवा, आणि हा आवाज मला ऐकूच येत नव्हता. बंद करते हं. थांबा. हं. झालं.

शेवंती : आता कसा बरा वाटला. आता बोला.

सुचित्रा : पण एक सांगा मला. तुमच्या एका घरात प्यायचं पाणी शिळं शिळं म्हणून पंचेचाळीस लिटर? एका हांड्यात उरतं किती?

आरोही : पंधरा. मी बरोबर मापलंय, मॅडम. तीन हांडे. आजीने तिन्ही माझ्यासमोर ओतले.

सुचित्रा : तुमच्या घरी तीन हांडे आहेत?

आरोही : हो. म्हणजे... एक मोरीजवळ आहे. बाकीचे दोन... पोटमाळ्यावर असतील.

शेवंती : पोटमाळ्यावर पाणी भरतत? शिरा पडो तुझ्या मापावर. पंधरा वर्सा त्या घरात जेवतस. कधी बघितलस तीन हांडे?

आरोही : मग दोन कोणाचे?

शेवंती : आसत कोणाचे तरी.

सुचित्रा : आजी, सांगा ना. हिचा आकडा चुकलाय बहुतेक, आणि आकडा चुकलेला मला चालत नाही.

शेवंती : त्यात काय सांगूचा आसा? एक रमाबाईचो. तिचे गुडघे गेले, नळापर्यंत येवक होणा नाय. दार लोटलेला ठेवता, मी हांडो उचलून आणतंय, भरून ठेवतंय. दुसरो दगडूचो. तो वॉचमन, रातपाळी. सकाळी आठाक येता. तेव्हा पाणी खय?

आरोही : तू हे रोज करतेस? मला कसं माहीत नाही?

शेवंती : तू त्या वेळेक घोरतस.

आरोही : मी घोरत नाही!

सुचित्रा : आरोही, तू ओतणारा हात बघितलास आणि हांडा कोणाचा ते विचारलंच नाहीस.

आरोही : पण मॅडम, आजी पण बोलली नाही ना! बुधवारपासून माझ्याशी एक शब्द बोलत नाहीये. नुसतं ताट आपटते. एकदा तरी म्हणायचं, ते माझे हांडे नाहीत.

शेवंती : आणि काय करूचा? फळ्यावर रमाबाईचा नाव लावून देव? ती बिचारी आधीच म्हणता, ‘शेवंते, तुका माझो त्रास.’ तिना जिन्यात आपला नाव बघितल्यान तर दुसऱ्या दिवसापासून तहानलेली रवात, पण दार उघडूची नाय. त्यापरीस माझा आसला तो काय वायट.

सुचित्रा : आजी, आणि या तीन दिवसांत? तुमचा संप. म्हणजे त्या रमाबाईंना पाणी कोणी दिलं?

शेवंती : ता सोडा. तुमी कागदाचा बोला.

सुचित्रा : तळमजल्यावरून आणलं का कोणी?

शेवंती : मी भरलंय.

आरोही : काय?

शेवंती : संप तुमच्याशी होतो. रमाबाईन काय केल्यान माझा? ती हसाक नाय माका. शिट्टी झाली, उठलंय, गपचूप दोन हांडे भरलंय, दोन दारांत ठेवलंय, परत येवन निजलंय. विनीतचो बापूस थय निजलेलो, त्याका पण उठवूक नाय.

आरोही : म्हणजे तू उठली होतीस! तिन्ही दिवस! आणि मी शेजारी झोपलेले, मला हलवलं पण नाहीस! आपला हांडा पण भरला नाहीस!

शेवंती : नाय भरलंय. आपल्या घरात तू होतस.

आरोही : मॅडम, मी तीन दिवस केस धुतले नाहीत. काल अपूर्वा माझ्या बाकावरून उठून दुसरीकडे बसली.

सुचित्रा : एक मिनिट, एक मिनिट. आजी, दोन हांडे भरलेत. भरायच्या आधी त्यांतलं आदल्या दिवशीचं...

शेवंती : ओतलंय. शिळा होता.

आरोही : मॅडम! म्हणजे शून्य नाही! तीस लिटर! रोज तीस लिटर वाया गेलं!

सुचित्रा : हो गं बाई, कळलं मला. आणि मी टाळ्या वाजवून घेतल्या. मुख्याध्यापिकांना मेसेज पण केलाय. शंभर टक्के यश, असा.

शेवंती : तुमचो शून्य पण गेलो?

सुचित्रा : गेला, आजी. सोमवारी आता दाराशी काय लावू, शंतनूचं मांजर?

शेवंती : असा तोंड पाडू नका, बाई. माका वायट वाटता. तुमी चांगल्या म्हणान करूक गेलात. आमच्या पोरीन काय कमी घोळ केल्यान नाय. पण एक सांगतंय, शिळा पाणी मी देवाक दाखवूचंय नाय. पाहुण्याक देवचंय नाय. तुमी किती पण तक्ते लावा.

सुचित्रा : पण ते शिळं कसं हो होतं? आदल्या पहाटे तर भरलेलं असतं. झाकून.

शेवंती : एक रात गेली त्याच्यावरसून.

सुचित्रा : आजी, नळाला येतं ते पाणी कुठून येतं?

शेवंती : धरणातसून. माका म्हायत नाय काय?

सुचित्रा : आणि धरण कधी भरतं?

शेवंती : पावसात.

सुचित्रा : मग आता मार्च चाललाय. आज पहाटे तुम्ही रमाबाईंच्या हांड्यात जे ताजं पाणी भरलंत ना, ते गेल्या जुलै-ऑगस्टमधलं आहे.

शेवंती : ...जुलैचा?

सुचित्रा : हो. सात-आठ महिन्यांचं. मे महिन्यात तर दहा महिन्यांचं होतं.

शेवंती : खरा गो?

आरोही : पान चार, आजी.

शेवंती : म्हणजे मी एका रातीचा पाणी शिळा म्हणान ओततंय आणि आठ महिन्यांचा ताजा म्हणान भरतंय?

आरोही : शेचाळीस वर्षं.

शेवंती : तू गप रव.

सुचित्रा : तुम्ही एकट्याच नाही हो. माझ्या सासूबाईसुद्धा माठातलं पाणी सकाळी झाडांना घालतात. निदान झाडांना तरी.

शेवंती : झाडांका? तुमच्याकडे बरा, झाडा आसत. माका एवढा म्हायत होता, तुझो आजो तिसरी पाळी करून येयत. सकाळी सात वाजता. कापसान केस पांढरे झालेले. येवन पयला दारातच उभो रवान म्हणात, ‘शेवंती, पाणी.’ आणि तांब्यो तोंडाक लावल्याबरोबर त्याका कळात, काल भरलेला की आज. खरा सांगतंय. कालचा आसला तर काय बोलणा नाय, पण अर्धो तांब्यो तसोच ठेवी. म्हणान मी ओतूक लागलंय. गिरणी गेली, पाळी गेली, आता तो पण गेलो, त्याका नऊ वर्सा झाली. आता कोण मागता ताजा? कोण नाय. पण हांडो उचललो की हात आपसूक वाकडो होता.

आरोही : आजी, हे तू कधी सांगितलं नाहीस.

शेवंती : तू इचारलस खय? तू मापी घेवन इलस.

सुचित्रा : आरोही, तो तक्ता उघड बघू. मार्कर आण. आपण हे सोमवारच्या आधी नीट लिहून काढू. शून्य खोड. मी मुख्याध्यापिकांना सांगते, माझा निकाल चुकलाय. बघू काय म्हणतात ते.

आरोही : शून्याच्या जागी काय लिहू?

सुचित्रा : जे झालं ते. सगळं. संप, वीस रुपयांची दाढी, सगळं. आणि खाली आपला फिल्टर. माझ्या नावासकट.

आरोही : क्रमांक देऊ?

सुचित्रा : नको.

शेवंती : दे गो. बाईंका पण एकदा पेढे मागूदेत कोणीतरी.

सुचित्रा : बरं, दे. आणि आजी, तुमचं काय? आरोही आत्ता घरी गेल्या गेल्या जिन्यातला कागद काढेल. हाक मारणार ना उद्यापासून?

शेवंती : असा नाय. संप सुटताना बोलणी होतत, बाई. माझी पयली मागणी, कागद हिना एकटीन काढूचो नाय. ज्या दिवशी सगळी जिन्यात होती, तशी सगळी असताना काढूचो.

आरोही : आजी! सगळ्यांसमोर?

शेवंती : लावताना लाज वाटूक नाय, आता काढताना वाटता? दुसरी मागणी. एक महिनो हिना माझ्यावांगडा उठूचा. वही नको. हांडो उचलूचो.

सुचित्रा : मान्य. माझ्या वतीने.

आरोही : मॅडम, तुमच्या वतीने मी उठायचं?

शेवंती : तिसरी. तुमी सकाळी वाजवलेल्यो टाळ्यो परत घेवच्यो.

सुचित्रा : टाळ्या परत कशा घ्यायच्या, आजी?

शेवंती : ता तुमी बघा. तुमी शिकलेल्या.

सुचित्रा : बरं. आणि माझी एक मागणी. तुमचं, रमाबाईंचं, दगडूचं, ते ओतायचं पाणी मोरीत न जाता...

शेवंती : बादलीत. कळला माका. गॅलरीच्या टोकाक आमच्या सार्वजनिक संडासाक पाणी नसता, थय पिंप ठेवतंय. अकरा खोल्यांचा पाणी थय जायत. पण देवाक ताजाच घालतलंय. मगे ता जुलैचा असो नायतर मागच्या जन्माचा.

सुचित्रा : मला चालेल. मग उद्या?

शेवंती : उद्या नाय. आधी कागद, मगे टाळ्यो. सोमवारी ह्या सगळा झाला की मंगळवारपासून बघतंय. तीन दिवसांत हसायची खोड गेली नाय, आणखी दोन दिवसांत जायत.

आरोही : आजी, अजून दोन दिवस? प्लीज ना. अपूर्वा परत कधीच नाही बसणार माझ्या बाजूला.

शेवंती : मंगळवार म्हणजे मंगळवार. ह्या काय गो चिकटवलस तक्त्यावर? ही बाई कोण?

आरोही : तो फोटो आहे. इंटरनेटवरून काढलाय. आफ्रिकेतली आहे, केनियातली. त्यांच्याकडे गावात पाणीच नाही. ती लांब जाते आणायला.

शेवंती : डोक्यावर ह्यो पिवळो डबो? पाण्याचो?

सुचित्रा : वीस लिटरचा असतो, आजी.

शेवंती : म्हणजे माझ्या हांड्यापरीस जड. आणि लांब म्हणजे किती? दादरापर्यंत?

सुचित्रा : जायला दोन तास, यायला दोन तास. उशीर झाला तर झऱ्यावर गर्दी होते आणि गढूळ पाणी मिळतं. म्हणून तीन वाजता निघावं लागतं, असं तिने त्या मुलाखतीत सांगितलंय.

शेवंती : फाटेच्या तीनाक?

सुचित्रा : हो.

शेवंती : मगे तिका कोण उठवता?

सुचित्रा : ...ते नव्हतं हो दिलेलं त्यात.

आरोही : कोणी नसेल, आजी. आपली आपणच उठत असेल.

शेवंती : रोज?

आरोही : रोज.

शेवंती : ...गुंडाळ ता. चल, घराक जावया. सांजेक लवकर जेवून निजाक होया.

आरोही : इतक्या लवकर? उद्या तर रविवार आहे, आजी. आणि तू तर म्हणालीस, मंगळवार—

शेवंती : शाळेक रविवार आसता गो. पाण्याक नसता.